नसलेली केबल काढण्याविषयी

“जे वायर हायेच नाही, ते काढता काय बाप्पा?” अमरावती-अकोल्याकडे संगणकाच्या लॅबमध्ये व्हर्च्युअल मशीन शिकवायला घेतले की मागच्या बाकावरून हा प्रश्न येतो आणि वर्ग हसतो. प्रश्न असतो ‘केबल कनेक्टेड’ नावाच्या चौकटीबद्दल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये प्रत्येक नेटवर्क अडॅप्टरखाली ती सापडते. खूण असली की यंत्राच्या कार्डाला केबल लागलेली आहे असे धरायचे. खूण काढली की कुणी केबल ओढली असे धरायचे. केबल अर्थातच कुठे नसते. कार्डही नसते, एका प्रोग्रामने कार्डाचे सोंग घेतलेले असते. वर्गातला प्रश्न वर्गातच राहिला असता तर बिघडत नव्हते, पण तो पुढे मत होऊन बसला आहे. महाविद्यालयांच्या सर्व्हर-खोल्या, पतसंस्थांची कार्यालये, जिनिंगच्या हिशेबाची यंत्रे जी मंडळी सांभाळतात त्यांच्यापैकी बहुतेकांच्या लेखी ही चौकट म्हणजे देखावा. नेटवर्क तोडायचे तर यंत्राच्या आत जाऊन अडॅप्टर डिसेबल करावा, नाहीतर फायरवॉलवर वाट अडवावी. सगळे एकच, असे ते सांगतात.

ते एकच नाही, हे मला दाखवायचे आहे. पण प्रतिपक्षाला आधी दुबळे करून मग हरवण्यात हशील नसतो. म्हणून त्यांचे म्हणणे ते स्वतः मांडतात त्याहून नेटके मांडून पाहू.

खऱ्या कार्डात लिंक ही मोजलेली गोष्ट असते. १०बेस-टी इथरनेटमध्ये तारेवरून काहीच जात नसतानाही दोन्ही टोके साधारण १६ मिलिसेकंदांच्या अंतराने एकेक बारीक स्पंद सोडत राहतात. समोरचे स्पंद येईनासे झाले की कार्ड लिंक गेल्याचे ठरवते आणि दिवा विझतो. व्हर्च्युअल कार्डात स्पंद नाही आणि मोजणाराही नाही. व्हर्टिओ नावाच्या कार्डाच्या प्रमाणित आराखड्यात तर ‘स्टेटस’ या खान्यातला एक बिट, एवढीच काय ती लिंक. शिवाय ही कार्डे इतर बाबतींतही थापा मारतात. व्हीएमवेअरचे व्हीएमएक्सनेट-३ होस्टच्या, म्हणजे व्हर्च्युअल यंत्र ज्यावर चालते त्या खऱ्या यंत्राच्या, पाठीमागे एक गिगाबिटचे कार्ड असले तरी बिनदिक्कत १० गिगाबिट वेग दाखवते. ज्याचा वेग खोटा त्याची लिंक खरी कशी मानायची? आणि सगळ्यांत वजनदार पुरावा असा की होस्टच्या मागची खरी केबल उपसली तरी आतल्या यंत्राला पत्ता लागत नाही. त्याची लिंक आपली हिरवीच. मग हा बिट साक्ष कशाची देतो? शेवटी, पॅकेट बाहेर जाऊ नये एवढेच साधायचे असेल तर ते आतून अडवले काय नि बाहेरून अडवले काय.

मुद्दे चार झाले. पहिल्या तिन्हींतली वस्तुस्थिती बिनचूक आहे. त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकतो, आणि चौथा मुद्दा तर वस्तुस्थिती म्हणूनही टिकत नाही.

लिंक ही तारेची उपजत खूण आहे ही समजूत इतिहासाला धरून नाही, तिथून सुरुवात करू. इथरनेट आधी जाड आणि मग बारीक कोअॅक्सियल केबलवर चालले. १०बेस-५ आणि १०बेस-२ या त्या पिढ्या. त्यांत लिंक नावाचा प्रकारच नव्हता. एकच तार सगळ्या यंत्रांना भेटत जायची, दोन्ही टोकांना टर्मिनेटर बसवायचे, आणि टर्मिनेटर निघाला की सगळ्यांचेच बंद पडायचे. आपण जोडलेले आहोत की नाही हे कार्डाला शांतपणे कळण्याची सोय नव्हती. १९९० साली १०बेस-टीचे मानक आले, पीळ दिलेल्या तारांची केबल हबला लागली, आणि तेव्हा लिंकची ती स्पंदांची तपासणी मुद्दाम रचली गेली. म्हणजे तांब्याच्या तारेवरसुद्धा लिंक ही ठरवून केलेली व्यवस्थाच आहे. ती व्यवस्था दुसरीकडे दुसऱ्या रीतीने केली तर तेवढ्याने ती खोटी ठरत नाही.

रीत मात्र खरोखर वेगळी आहे, आणि वादाचे मूळ तिथे आहे. न्यायशास्त्राच्या शब्दांत सांगायचे तर खऱ्या कार्डाला लिंक प्रत्यक्षातून कळते, व्हर्च्युअल कार्डाला शब्दातून. नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले ते एका अटीवर: बोलणारा आप्त हवा, त्याला त्या विषयाचे खरे ज्ञान हवे आणि ते त्याने जसेच्या तसे सांगायला हवे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमवल्या त्या याच दंडकाने. ज्याने जे पाहिले, ज्याला जे नेमके ठाऊक, त्याला ते विचारायचे. हायपरव्हायजरलाही, म्हणजे व्हर्च्युअल यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रामलाही, असेच विचारावे. ‘या यंत्राला मी नेटवर्क देतो आहे की नाही’ याबाबत त्याच्याइतका आप्त दुसरा कुणी नाही, कारण ते ठरवतो तोच. अमरावती-अकोल्याच्या वाटेवरच्या मूर्तिजापूरजवळ फायबर तुटली आहे का, याबाबत तो आप्त नाही. तो बिट ते सांगायचा आवही आणत नाही. आव आपण त्याच्यावर लादतो.

वेगाच्या थापेचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली व्हर्च्युअल यंत्राच्या नियंत्रकासाठी तीन कसोट्या मांडल्या. आतल्या प्रोग्रामने खऱ्या यंत्रावर वागावे तसेच इथे वागले पाहिजे; यंत्राच्या साधनांवर पूर्ण ताबा नियंत्रकाचा राहिला पाहिजे; आणि बहुतेक सूचना नियंत्रकाने मध्ये न पडता थेट प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. दाखवलेला वेग पहिल्या कसोटीचा प्रश्न आहे: ड्रायव्हरला काहीतरी आकडा हवा असतो, तो पुरवलेला असतो, बस. लिंकचा बिट दुसऱ्या कसोटीतला आहे. तो ताबा आहे. ताब्याच्या गोष्टीला सारखेपणाच्या कसोटीवर घासून खोटे म्हणणे ही प्रतिपक्षाची खरी गफलत. व्हर्टिओच्या त्याच ‘स्टेटस’ खान्यात लिंकच्या शेजारी आणखी एक बिट आहे, तो या संदर्भात बोलका आहे. यंत्र एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवले की त्या बिटाने आतल्या ड्रायव्हरला सांगितले जाते: आता आपला पत्ता नेटवर्कवर पुन्हा जाहीर कर. तांब्याच्या केबलमध्ये याला तोड नाही. तो निव्वळ हुकूम आहे, आणि लिंकचा बिट त्याच खान्यातला शेजारी आहे.

होस्टची खरी केबल काढल्यावर आतल्या यंत्राची लिंक का जात नाही, तर जायला नको म्हणून. एका होस्टवर चार यंत्रे एकाच ब्रिजवर बसलेली असतात. बाहेरची केबल गेली तरी त्यांचे आपसातले बोलणे चालू असते. त्या चौघांनाही ‘तुमची केबल निघाली’ असे सांगितले तर तेच खोटे होईल आणि चालू असलेले कामही थांबेल. हे कुणाच्या नजरेतून सुटलेले नाही, विचार करून ठेवलेले आहे. एसआर-आयओव्ही प्रकारात एका खऱ्या कार्डाचे हार्डवेअरनेच अनेक उपकार्डांत भाग पाडलेले असतात. तिथे लिनक्सची ‘आयपी लिंक’ आज्ञा प्रत्येक उपकार्डासाठी तीन पर्याय देते. ‘ऑटो’ म्हणजे मूळ कार्डाची लिंक असेल ती दाखव. ‘एनेबल’ म्हणजे मूळ कार्डाची लिंक गेली तरी याला त्याच होस्टवरच्या इतर उपकार्डांशी बोलू दे. ‘डिसेबल’ म्हणजे याने पाठवलेले सगळे टाकून दे. लिंकचे प्रतिबिंब दाखवायचे की धोरण राबवायचे, याची निवड तिथे उघडपणे माणसाच्या हाती दिली आहे. साध्या व्हर्च्युअल कार्डात ती निवड आधीच धोरणाच्या बाजूने झालेली असते, एवढेच.

आता चौथा मुद्दा, आतून अडवले काय नि बाहेरून अडवले काय. व्यवहारात नुकसान करतो तो हाच, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

समजा, एका महाविद्यालयाच्या परीक्षा-विभागाचे यंत्र व्हर्च्युअल आहे आणि त्याचा बॅकअप रोज होतो. बॅकअप उपयोगाचा आहे का हे पाहायचे तर तो परत उभा करून पाहावाच लागतो. उभा केलेला जुळा भाऊ अगदी मूळ यंत्रासारखा असतो. तोच आयपी पत्ता, आणि लक्ष दिले नाही तर तोच मॅक पत्ताही. मूळ यंत्र तिकडे चालूच आहे. जुळा सुरू होताच त्याने पहिली एआरपी विचारणा केली की त्या विचारणेत स्वतःचा पत्ता असतोच, आणि आजूबाजूची यंत्रे त्यावरून आपापल्या नोंदी बदलतात. मॅकही तोच असेल तर स्विचला एकच पत्ता कधी या पोर्टवर, कधी त्या पोर्टवर दिसू लागतो. फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला हे झाले तर काय होईल ते सांगायला नको. प्रतिपक्ष म्हणतो, आत जाऊन अडॅप्टर डिसेबल करा. पण आत जायला यंत्र आधी सुरू व्हावे लागते, आणि तोवर ते बोलून गेलेले असते. वैशेषिकांनी अभावाचे जे प्रकार सांगितले त्यांत प्रागभाव आणि प्रध्वंसाभाव वेगळे ठेवले आहेत. उपजण्याआधीचे नसणे वेगळे, नष्ट झाल्यानंतरचे नसणे वेगळे. आतून डिसेबल करणारा फार तर दुसरा अभाव मिळवू शकतो. पहिला हवा असेल तर तो बाहेरूनच ठेवावा लागतो. व्हीएमवेअरमध्ये ‘कनेक्टेड’ आणि ‘कनेक्ट अॅट पॉवर ऑन’ अशा दोन चौकटी वेगळ्या आहेत त्या याचसाठी. प्रॉक्समॉक्समध्ये कार्डाच्या व्याख्येतच ‘लिंक डाऊन’ लिहून यंत्र सुरू करता येते. जुळा भाऊ मुकाच जन्माला येतो. मग त्याची तपासणी सावकाश करा.

दुसरी गोष्ट, तोडलेले पुन्हा कोण जोडू शकते. लॅबमध्ये विद्यार्थ्यांनी व्हीएम स्वतः उभे केलेले असते, आतला अॅडमिनचा पासवर्ड त्यांचाच असतो. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी कुणी आतून अडॅप्टर डिसेबल करून ठेवला तर तो दोन क्लिकमध्ये एनेबल होतो. संशयित फाइल उघडून पाहण्यासाठी जे यंत्र वेगळे ठेवतात त्याचीही तीच गत. आतला कारभार ज्याच्या ताब्यात जाईल, मग तो विद्यार्थी असो की व्हायरस, त्याच्या हाती आतले बटणही जाते. बाहेरच्या लिंकला आतून हात लावता येत नाही. होस्टही विद्यार्थ्याच्याच ताब्यात असेल तर हे सगळे व्यर्थ, हे खरे आहे. पण मग दोष लिंकच्या बिटाचा नाही, होस्टचा पासवर्ड वाटणाऱ्याचा आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा सगळ्यांत कमी होते. तोडल्याचे तोडलेल्याला कळते का?

अमरावतीकरांनी आणि अकोलेकरांनी याचा अनुभव घेतला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत दंगल उसळली, १३ तारखेला संचारबंदी लागली आणि शहरातले इंटरनेट बंद केले गेले. मे २०२३ मध्ये अकोल्यात तेच झाले. असे बंद आदेशाने होते. त्यासाठी तेव्हा २०१७ चे नियम होते. बिघाड कुठेच नसतो. मोबाइल डेटा असा बंद होतो तेव्हा फोनवर सिग्नलच्या दांड्या भरलेल्या असतात, फोन लागतो, डेटाचे चिन्हही कधी दिसत असते, आणि पैसे पाठवायचे अॅप गोल गोल फिरत बसते. ते अॅप मूर्ख नसते. त्याला कुणी ‘नाही’ म्हटलेलेच नसते, ते उत्तराची वाट पाहत असते. आदेश योग्य होता की नाही हा या लेखाचा विषय नाही. विषय एवढाच की वाट निमूटपणे अडवली की टोकावरच्या यंत्राला बंद आणि उशीर यांतला फरक ओळखता येत नाही.

फायरवॉलवर पॅकेट गुपचूप टाकून देणे म्हणजे हेच. लिनक्सवरची टीसीपी जोडणी उत्तर न आल्यास पाठवलेले पुन्हा पुन्हा पाठवते. ठरीव मांडणीत पंधरा वेळा, आणि हार मानायला हिशेबाने सुमारे ९२४ सेकंद जातात, म्हणजे पाव तासाच्या वर. जोडणी रिकामी बसलेली असेल आणि प्रोग्रामने ‘कीपअलाइव्ह’ लावला नसेल तर ती कितीही वेळ तशीच बसून राहते. लावला असेल तरी पहिली चौकशी दोन तासांनी. बाहेरून लिंक खाली केली की चित्र बदलते. टीसीपीची जोडणी तेवढ्याने लगेच मरत नाही, आणि मरूही नये. पाच सेकंदांत केबल परत लागली तर बोलणे पुढे सुरू राहिले पाहिजे. पण कार्ड इंटरप्ट देते, कर्नलला कळते, लिनक्समध्ये ‘नो-कॅरिअर’ उमटते. विंडोज तर लिंक गेलेल्या अडॅप्टरवरून आपले प्रोटोकॉलच सोडवून घेते. त्यामुळे प्रोग्रामला पाव तास ताटकळत न बसता ‘वाट नाही’ हे उत्तर लवकर मिळू शकते.

परत जोडतानाही या बातमीचे मोल कळते. यंत्र एका व्हर्च्युअल नेटवर्कवरून काढून दुसऱ्यावर टाकले, पण लिंक खाली-वर केली नाही, तर आतल्या यंत्राच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. जुना डीएचसीपी पत्ता धरून ते नव्या जागी परक्यासारखे बसते. विंडोज सर्व्हर पत्ता सहसा आठ दिवसांसाठी देतो. आरएफसी २१३१ प्रमाणे यंत्र निम्म्या मुदतीला, म्हणजे चौथ्या दिवशी, जुन्याच सर्व्हरला विचारणार, आणि तो इथे पोहोचण्यासारखा नसेल तर आठ-अष्टमांशांपैकी सात संपल्यावर, म्हणजे सातव्या दिवशी, सगळ्यांना ओरडून विचारणार. लिंक एकदा खाली करून वर केली की हीच विचारणा त्याच क्षणी होते. सात दिवस आणि एक क्षण यांतला फरक ज्याला ‘एकच’ वाटतो त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

आतून डिसेबल करणे हे केबल ओढण्याच्या जागी चालत नाही याचा एक बोधक दाखला क्लस्टरवाल्यांकडे आहे. दोन यंत्रे एकमेकांची खबर ठेवतात, एक पडले की दुसरे काम उचलते. या खबरीसाठी कोरोसिंक नावाचा प्रोग्राम वापरतात. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत, यंत्राच्या आत इंटरफेस बंद केला की त्याच्यावरचा पत्ताही नाहीसा व्हायचा, आणि मग कोरोसिंक स्वतःला १२७.०.०.१ या घरच्याच पत्त्याला बांधून घ्यायचा. पुढचे निकाल मग भलतेच यायचे. क्लस्टर तुटले की नाही याची परीक्षा होण्याऐवजी एका निराळ्याच आजाराची परीक्षा व्हायची. असे तपासू नका, केबल काढा, असेच जाणकार सांगत आले. खऱ्या जगात केबल निघते तेव्हा यंत्राचा पत्ता आपणहून पुसला जात नाही. नसलेली केबल काढणे हे खऱ्या केबलच्या जवळचे आहे, आणि असलेला अडॅप्टर आतून बंद करणे हे दूरचे. प्रतिपक्षाला हे उलटे वाटते, पण कार्डाच्या बाजूने पाहिले तर सरळ आहे.

माझ्या बाजूलाही पळवाटा आहेत, त्या सांगून टाकतो. व्हर्टिओमध्ये लिंक कळवण्याची सोय ड्रायव्हरने मान्य केली तरच चालते. ड्रायव्हरने ती उचलली नाही तर तो लिंक सदैव चालू असल्याचे धरतो, आणि मग बाहेरून कितीही हुकूम सोडा, पॅकेट अडतील पण बातमी पोहोचणार नाही. व्हीएमवेअरमध्ये आतल्या टूल्समधून उपकरणे जोडण्या-काढण्याची सोय आहे; ती उघडी राहिली तर ‘आतून हात लावता येत नाही’ हे माझे विधान तेवढ्यापुरते पडते. म्हणूनच सुरक्षेच्या मार्गदर्शिका ती बंद करायला सांगतात. लिबव्हर्टमध्ये चालू यंत्राची लिंक खाली केली पण ती मांडणीत कायम केली नाही, तर यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती मुकाट्याने वर येते. हायपर-व्हीमध्ये तर केबलचे वेगळे बटणच नाही, कार्ड स्विचपासून सोडवायचे. यांतले काहीही लिंकला देखावा ठरवत नाही. फक्त हुकूम पोहोचला का हे पाहावे लागते.

गंमत अशी की जी मंडळी खूण काढण्याला नाटक म्हणतात, तीच खूण असली की तिच्यावर डोळे मिटून विसंबतात. तक्रार आली की पहिले वाक्य: “आपल्याइकडून तं कनेक्टेड दाखवते.” नाही म्हणणारा बिट खोटा आणि हो म्हणणारा खरा, हे कोणत्या न्यायाने? धूर दिसला म्हणून अग्नी मानणे ठीक. पण अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे मानले की तापलेला लोखंडाचा गोळा आडवा येतो. तिथे ओल्या इंधनाची अट लागते, नैयायिक तिला उपाधी म्हणतात. नेटवर्क चालू असेल तर लिंक वर असणारच. लिंक वर असली म्हणून नेटवर्क चालूच आहे असे नाही. मधल्या साऱ्या उपाध्या कार्डाच्या नजरेपलीकडच्या आहेत: होस्टचा ब्रिज, त्याचे खरे कार्ड, स्विच, कन्व्हर्टर आणि पुढची फायबर.

याची किंमत मोजावी लागते ती बाँडिंगमध्ये. यंत्राच्या आत दोन व्हर्च्युअल कार्डे घेऊन त्यांची जोडी बांधायची, एक गेले की दुसरे चालेल. होस्टवर ती दोन वेगवेगळ्या खऱ्या कार्डांवरच्या ब्रिजांना लावायची. दिसायला भक्कम. बाँडिंगला ‘एमआयआयमॉन’ लावला तर तो दर १०० मिलिसेकंदांनी, किंवा जो आकडा दिला असेल तेवढ्याने, कार्डाची लिंक पाहतो. होस्टचे पहिले खरे कार्ड मेले तरी आतली लिंक वरच असते, कारण ती त्या कार्डाची साक्ष देतच नाही. जोडी हलत नाही, पॅकेट मेलेल्या वाटेने जात राहतात, आणि दुसरे कार्ड शेजारी धडधाकट बसून असते. भरवशासाठी उभारलेली व्यवस्था नेमक्या त्या प्रसंगी निकामी ठरते. जोडी बांधायचीच असेल तर होस्टवर बांधावी, जिथे लिंक खरोखर मोजलेली असते. आतच बांधायची असेल तर एआरपीची देखरेख लावावी: गेटवेला ठराविक वेळाने विचारायचे, उत्तर आले तरच वाट जिवंत धरायची. पत्ताही विचार करून द्यायचा. होस्टच्या ब्रिजचा पत्ता दिला तर तो घरातूनच उत्तर देईल आणि बाहेरचे काहीच कळणार नाही.

खऱ्या तारांच्या जगातही हा प्रश्न सुटलेला नाही, हे प्रतिपक्षाने लक्षात घ्यावे. अमरावती आणि अकोला यांच्यामध्ये शंभरेक किलोमीटरचा रस्ता. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर एका मार्गिकेचा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेसचा विक्रम झाला. रस्ते इतक्या झपाट्याने होतात; रस्त्याच्या कडेने गेलेली फायबर जेसीबीने तोडल्यावर ती जोडायला लागणाऱ्या वेळेचा विक्रम कुणी मोजत नाही. फायबर वाटेत कुठे तुटली तर कार्यालयातल्या राउटरला काय दिसते? राउटर फायबरला नाही, फायबरच्या कन्व्हर्टरला तांब्याच्या तारेने जोडलेला असतो. ती तार शाबूत असते, दिवा हिरवा असतो. काही कन्व्हर्टरांत फायबरकडचा बिघाड तांब्याकडे पोहोचवण्याची सोय असते, म्हणजे तिकडे तुटले की इकडची लिंकही मुद्दाम पाडायची. म्हणजे तिथेही खरी, मोजता येणारी, सुस्थितीतली लिंक हुकमाने खाली केली जाते, तोडल्याची बातमी पोहोचावी म्हणून. त्या सोयीला कुणी नाटक म्हटल्याचे ऐकिवात नाही.

मग सगळ्या वाटेची खात्री करायची कुणी? संगणकशास्त्रज्ञ साल्त्झर, रीड आणि क्लार्क यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेला युक्तिवाद असा होता की काही गोष्टींची पूर्ण खात्री फक्त दोन टोकेच करू शकतात; मधले थर त्यात मदत करतील, पण जबाबदारी घेऊ शकणार नाहीत. एआरपीची देखरेखही गेटवेपर्यंतच जाते. मूर्तिजापूरच्या पलीकडे काय चालले आहे हे गेटवेलाही ठाऊक नसते. त्यासाठी अमरावतीच्या प्रोग्रामला अकोल्याच्या प्रोग्रामकडे दर काही सेकंदांनी काहीतरी विचारावे लागेल, आणि उत्तर न आल्यास किती वेळ वाट पाहून तुटले म्हणायचे, तो आकडा ती यंत्रे सांभाळणाऱ्यालाच ठरवून लिहावा लागेल.